पंप-ॲक्शन शॉटगन रेंजवर अडकली तर: आधी फोर-एंड कुठे थांबला ते पाहा

रेंजवर बंदूक अडकली की बहुतेकांचा पहिला प्रतिसाद एकच असतो: जोर लावायचा. दस्ता मांडीला टेकवून, दात-ओठ खात फोर-एंड, म्हणजे नळीखालची पुढे-मागे सरकणारी मूठ, मागे खेचणारा नेमबाज मी अनेकदा पाहिला आहे. त्याच्या बंदुकीत बिघाड असतोच असे नाही. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, जिवंत काडतूस असते, हॅमर (बंदुकीचा घोडा) चढलेला असतो आणि यंत्राने स्वतःला जसे बंद ठेवायला हवे तसेच ठेवलेले असते. चापाच्या कड्याजवळचा लहानसा खटका दाबला की तोच फोर-एंड दोन बोटांच्या ओढीने मागे येतो. याउलट, खरोखर अडकलेल्या बंदुकीवर जोर लावला तर साधी अडचण वाकलेल्या ॲक्शन-बारपर्यंत किंवा तुटलेल्या एक्स्ट्रॅक्टरपर्यंत जाऊ शकते, आणि त्या झटापटीत नळीचे तोंड कुठे वळले याचे भान राहत नाही, हे त्याहून वाईट.

म्हणून या लेखातील सगळी मांडणी एका प्रश्नाभोवती केली आहे: फोर-एंड नेमका कुठे थांबला आहे? पूर्ण पुढे असून मागे येत नाही, अर्ध्या वाटेत रुतला आहे, पूर्ण मागे जाऊन पुढे येत नाही, की पुढे येता येता शेवटच्या बोटभर अंतरावर अडला आहे? आत काय झाले आहे ते या चार उत्तरांवरून बरेचसे कळते, आणि ते कळल्यावर हात कुठे घालायचा व कुठे अजिबात घालायचा नाही हेही ठरते.

हात लावण्यापूर्वी

बंदूक अडकल्याचे लक्षात आले की नळीचे तोंड जिथे आहे तिथेच, म्हणजे लक्ष्याच्या दिशेला ठेवावे, चापावरचे बोट काढून रिसीव्हरच्या (यंत्रणा असलेल्या मधल्या पेटीच्या) बाजूला सरळ टेकवावे आणि सेफ्टी लावावी. आजच्या सर्वसाधारण पंप बंदुकांत सेफ्टी लावलेली असतानाही फोर-एंड चालवता येतो, त्यामुळे पुढच्या कामात तिचा अडथळा होत नाही. नंतर मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवावे. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘हे बघा ना, अडकली’ असे म्हणत बंदुकीसकट मागे वळणे. तोंडाने बोलावे, मानेने मागे पाहावे, पण खांदे आणि बंदूक वळू देऊ नये. डोळ्यांचा चष्मा आणि कानांचे संरक्षण काढायचे नाही. अडचण सोडवतानाच त्यांची गरज जास्त असते.

चेंबरमध्ये जिवंत काडतूस आहे असेच धरून चालावे. ‘मला वाटतं झाडली गेली’ हा पुरावा नव्हे. खांद्याला धक्का बसला, पूर्ण आवाज झाला आणि लक्ष्यावर किंवा मागच्या बांधावर छर्रे पडलेले दिसले, या तिन्ही गोष्टी स्पष्ट आठवत असतील तरच आतली पुंगळी रिकामी मानता येते. एकाबद्दलही शंका असेल तर काडतूस जिवंत.

जुन्या धर्तीची बंदूक वापरणाऱ्यांसाठी इथेच एक इशारा देणे भाग आहे. १८९७ सालची विंचेस्टर, तिच्यानंतरची मॉडेल १२ आणि इथाका ३७ च्या जुन्या प्रती यांत डिसकनेक्टर, म्हणजे प्रत्येक बारासाठी चाप सोडून पुन्हा दाबायला लावणारा भाग, नसतो. चाप दाबून धरलेला असताना फोर-एंड पुढे गेला तर ॲक्शन (काडतूस चढवणारी-काढणारी यंत्रणा) बंद होताक्षणी बार होतो. अशा बंदुकीची अडचण सोडवताना बोट चुकून चापावर राहिले तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

आत काय चालते

फोर-एंड मागे ओढला की त्याला जोडलेल्या पट्ट्या, म्हणजे ॲक्शन-बार, चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टला मागे नेतात, बोल्टच्या टोकाची एक्स्ट्रॅक्टर नावाची आकडी पुंगळीची कड धरून तिला चेंबरबाहेर काढते, आणि मागे येणाऱ्या पुंगळीला इजेक्टरचा धक्का बसून ती बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकली जाते. ओढ अगदी शेवटपर्यंत गेली की मॅगझिनच्या (पुढची काडतुसे साठवणाऱ्या) नळीच्या तोंडाशी असलेल्या दोन लॅचपैकी एक बाजूला होऊन एकच काडतूस मागे सोडतो आणि दुसरा उरलेल्या काडतुसांना अडवतो. सुटलेले काडतूस कॅरिअरवर येते. फोर-एंड पुढे गेला की कॅरिअर ते वर उचलतो, बोल्ट ते चेंबरमध्ये ढकलतो आणि लॉकिंग ब्लॉक वर येऊन बोल्ट जागेवर बसतो. ॲक्शन बंद आणि हॅमर चढलेला असेपर्यंत फोर-एंडला कुलूप असते. हॅमर पडला की ते आपोआप सुटते.

यातले शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे. मिसफायरच्या वेळी, म्हणजे चाप ओढूनही बार झाला नाही तर, ते जिवावर बेतू शकते, त्याकडे पुढे येतोच.

फोर-एंड पूर्ण पुढे आहे आणि मागे येत नाही

पहिली शक्यता सुरुवातीलाच सांगितली: हॅमर चढलेला आहे आणि कुलूप लागलेले आहे. रेमिंग्टन ८७० मध्ये ते सोडवण्याचा खटका चापाच्या कड्याच्या पुढच्या टोकाला डावीकडे असतो, तर मॉसबर्ग ५०० मध्ये तो कड्याच्या मागे, डाव्याच बाजूला असतो. एका बंदुकीची सवय असलेला माणूस दुसरी हातात आली की नको तिथे चाचपडत राहतो. खटका दाबूनही फोर-एंड हलत नसेल तर बहुधा तुमचीच मागे ओढण्याची ताकद कुलपावर दाब ठेवून असते. ओढ सोडून फोर-एंड आधी केसभर पुढे ढकलावा, पुढे ढकललेला असतानाच खटका दाबावा आणि मग मागे घ्यावा. ‘घट्ट बसला आहे’ असे वाटणारे कितीतरी फोर-एंड एवढ्या एका युक्तीने मोकळे होतात.

दुसरी शक्यता म्हणजे बार झाला आहे, कुलूप सुटले आहे, पण पुंगळी चेंबरच्या भिंतीला चिकटली आहे. ओढल्यावर फोर-एंड किंचित मागे येतो आणि रबरासारखा अडतो. स्वस्त काडतुसांच्या बुडाला पितळेऐवजी पितळी मुलामा दिलेले पोलाद असते. बार झाल्यावर पितळ फुगून पुन्हा बऱ्यापैकी आक्रसते, पोलाद तेवढे आक्रसत नाही, आणि चेंबर खरखरीत किंवा मळका असेल तर पुंगळी तिथेच धरून ठेवली जाते. बार नक्की झाला आहे याची खात्री असेल तर नळी लक्ष्याकडे ठेवून, दस्ता खांद्यात किंवा काखेत पक्का धरून फोर-एंड एकदा पुढे दाबावा आणि मग एका सलग, जोरकस झटक्याने मागे घ्यावा. दोन-तीन प्रयत्नांत निघाली तर ठीक.

नाही निघाली तर दस्ता जमिनीवर किंवा बाकावर आपटत फोर-एंड खाली खेचण्याची एक पद्धत सर्रास दिसते. मी ती सुचवत नाही. आपटताना नळी आभाळाकडे आणि बहुतेक वेळा आपटणाऱ्याच्या हनुवटीच्या आसपास असते, लाकडी दस्त्याला मनगटाशी तडा जाऊ शकतो, आणि आतले काडतूस जिवंत निघाले तर पुढचे बोलायलाच नको. जिवंत काडतूस आत असण्याची शक्यता असताना तर ही पद्धत पूर्ण वर्ज्य समजावी. बंदूक रेंज ऑफिसरच्या ताब्यात द्यावी.

तिसरी शक्यता सर्वांत चिवट आहे. ॲक्शन बंद असतानाच लॅचच्या पकडीतून निसटून मॅगझिनमधले एक काडतूस मागे सरकते आणि बोल्टच्या खाली, कॅरिअरवर येऊन पडते. चेंबरमध्ये एक, खाली एक. कॅरिअरला हलायला जागा राहत नाही आणि खटका दाबूनही फोर-एंड बोटभराच्या पलीकडे मागे येत नाही. बंदूक नळी लक्ष्याकडे ठेवूनच थोडी कलती केली की खालच्या भरण्याच्या तोंडातून कॅरिअरच्या कडेने काडतुसाच्या बुडाची पितळी चकती दिसते. ती दिसली की निदान झाले. काही बंदुकांच्या कॅरिअरमध्ये इंग्रजी यू आकाराची चीर कापलेली असते. तिच्यामुळे मधली पट्टी दबते आणि खटका दाबून नेट लावल्यास फोर-एंड मागे येतो. अशी चीर नसेल तर ते काडतूस पातळ हत्याराने पुढे, मॅगझिनमध्ये परत ढकलावे लागते, आणि हे काम चेंबरमधल्या जिवंत काडतुसाच्या सोबतीने करायचे असते. म्हणून ते जाणकार आर्मररकडेच (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) द्यावे. तो बहुधा आधी रिसीव्हरच्या पिना काढून चापाचा संपूर्ण संच खाली उतरवतो. हॅमर त्या संचातच असल्यामुळे तो बाहेर आला की चेंबरमधल्या काडतुसावर आदळायला काही उरत नाही, आणि काही बंदुकांत कॅरिअरही त्याच संचाबरोबर बाहेर येऊन अडकलेले काडतूस आपोआप मोकळे होते.

चाप ओढला, ‘टक्’ झाले, बार झाला नाही

ही खऱ्या अर्थाने अडकण्याची घटना नाही, तरी तिचे स्थान इथेच आहे, कारण अडकलेल्या बंदुकीपेक्षा तिच्यात धोका जास्त. हॅमर पडला आहे, म्हणजे फोर-एंडचे कुलूप सुटले आहे, आणि सरावलेला डावा हात विचार न करता पंप मारायला निघतो. नेमके तेच करायचे नाही. काडतुसाच्या बुडातला प्राइमर (दारूला ठिणगी देणारा भाग) पेटून दारू उशिरा धरत असेल, ज्याला हँगफायर म्हणतात, तर बार काही क्षणांनी होतो. तेव्हा काडतूस चेंबरच्या पोलादी भिंतींत हवे, तुमच्या गालाजवळ उघड्या खिडकीत नव्हे.

फोर-एंड मुद्दाम पुढे दाबून धरावा, नळी लक्ष्याकडे ठेवावी आणि किमान ३० सेकंद थांबावे. रेंजचा नियम ६० सेकंदांचा असेल तर ६०. सेकंद मनात मोजण्यापेक्षा शेजाऱ्याला घड्याळ लावायला सांगावे, कारण अशा वेळी मनातले ३० सेकंद दहातच संपतात. त्यानंतर चेहरा खिडकीच्या रेषेतून बाजूला ठेवून ॲक्शन सावकाश उघडावी, बाहेर आलेले काडतूस पुन्हा न वापरता रेंजने नेमून दिलेल्या जागी द्यावे, आणि देण्यापूर्वी प्राइमरवरची खूण पाहून घ्यावी. खोल, मध्यावर पडलेली खूण असेल तर दोष काडतुसाचा. उथळ किंवा कडेला सरकलेली असेल तर प्राइमरवर आदळणारी फायरिंग पिन, तिच्या वाटेतली घट्ट झालेली घाण किंवा थकलेली हॅमर-स्प्रिंग यांकडे पाहावे. चेंबरमधून काही बाहेरच आले नसेल तर काडतूस चढलेच नव्हते. तो मॅगझिनचा किंवा अपुऱ्या पंपाचा प्रश्न आहे.

बार झाला पण आवाज दबका, धक्का नगण्य, असे वाटले तर मात्र दुसरी गोळी झाडण्याचा विचारही करू नये. अपुऱ्या दारूमुळे वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधले बूच) नळीतच राहिला असेल आणि त्याच्या मागून पूर्ण ताकदीचे काडतूस गेले तर नळी फुटते. मॅगझिन रिकामे करावे, नळी उतरवावी आणि चेंबरच्या बाजूने उजेडाकडे धरून आरपार गोल प्रकाश दिसतो का ते पाहावे.

फोर-एंड अर्ध्यावर किंवा मागे अडला आहे

या प्रकारात आतले पुष्कळसे उघड्या खिडकीतून दिसते, म्हणून आधी फक्त पाहावे. बोटे आत घालण्याची घाई करू नये. बोल्ट ताणाखाली असेल तर तो सुटून पुढे येताना बोट चेंगरते.

रिकामी पुंगळी खिडकीत आडवी किंवा उभी चिमटली गेली असेल तर बहुधा फोर-एंड पूर्ण मागे न जाता परत फिरला आहे. उपाय सोपा: फोर-एंड पूर्ण मागे घेऊन धरावा आणि बंदूक खिडकीच्या बाजूला कलती करून पुंगळी पडू द्यावी. पंप अपुरा पडणे हे या यंत्राचे सर्वांत सामान्य दुखणे आहे आणि त्याचे कारण बव्हंशी हाताचे असते. नवशिका धक्क्याला घाबरून बार झाल्यावर आखडतो, लांब दस्त्यामुळे पंपाची फेरी पूर्ण होत नाही, किंवा अति काळजीने माणूस फोर-एंड हळुवार चालवतो. इथे हळुवारपणा कामाचा नाही. मागे थडकेपर्यंत आणि पुढे थडकेपर्यंत, दोन्ही टोकांना ठाम थांबा ऐकू आला पाहिजे.

लांबीचाही संबंध इथे येतो. काडतुसाच्या पेटीवरची लांबी ही बार झाल्यानंतर तोंड उलगडलेल्या पुंगळीची असते. ७६ मिलिमीटरचे न झाडलेले काडतूस ७० मिलिमीटरच्या चेंबरमध्ये विनातक्रार बसते, आणि फसगत तिथेच होते. बार झाला की त्याचे तोंड चेंबरपुढच्या अरुंद भागात उलगडते, दाब वाढतो, आणि मागे येताना लांब पुंगळी आखूड खिडकीत अडकते. उलट टोकाला ४४ मिलिमीटरच्या आसपासची छोटी काडतुसे असतात. पंप बंदुकीत ती कॅरिअरवर उलटी-पालटी होऊन अडकण्यासाठीच बनवली आहेत की काय अशी शंका यावी. बंदुकीसाठी योग्य तो अडाप्टर नसेल तर ती टाळावीत. नळीवर कोरलेला आकडा आणि पेटीवरचा आकडा जुळवून पाहणे हे काम दिवसाच्या पहिल्या काडतुसापूर्वीच करायचे असते.

एकावेळी दोन काडतुसे मागे आली असतील, एक कॅरिअरवर आणि दुसरे त्याच्या तोंडाला ढुसण्या देत अर्धे मॅगझिनबाहेर, तर फोर-एंड पुढेही जात नाही आणि मागेही. सेफ्टी लावलेली आहे हे पुन्हा पाहून, नळी लक्ष्याकडे ठेवून, खालच्या तोंडातून अंगठ्याने अर्धे बाहेर आलेले काडतूस पुढे, मॅगझिनच्या नळीत दाबावे. लॅचचा ‘कट्’ असा आवाज आला की ते आत धरले गेले. मग कॅरिअरवरचे मोकळे होते आणि ते खालून किंवा खिडकीतून बाहेर काढता येते. उरलेली काडतुसे लॅच बाजूला दाबून एकेक बाहेर घ्यावीत, हातात न मावणारी खाली पडू देऊ नयेत. असे एकदा झाले तर घाण किंवा घाईचा परिणाम म्हणता येईल. दुसऱ्यांदा झाले तर लॅच झिजला आहे, वाकला आहे किंवा रिसीव्हरच्या भिंतीतली त्याची बैठक सैल झाली आहे असे समजावे.

खिडकीतून पाहिल्यावर बोल्ट मागे आलेला पण पुंगळी चेंबरमध्येच राहिलेली दिसली तर आधी मॅगझिन पूर्ण रिकामे करावे, कारण अशा वेळी पुढचे जिवंत काडतूस त्या पुंगळीच्या बुडावर नेऊन आदळण्याची शक्यता असते. पुंगळीच्या प्राइमरवर खूण दिसते एवढ्यावरून ती झाडलेली आहे असे ठरवू नये. मिसफायर झालेल्या काडतुसावरही तीच खूण असते. झाडलेलीच आहे याची खात्री असेल तर ॲक्शन पूर्ण उघडी ठेवून, तोंडाच्या बाजूने साफसफाईची काठी आत सोडून हलक्या ठोक्यांनी पुंगळी मागे ढकलावी. काठी रिकाम्या पुंगळीच्या तळापर्यंत जाते आणि ती सहज निघते. हात नळीच्या तोंडासमोर न धरता बाजूने काठी धरावी. जिवंत काडतूस मात्र काठीने कधीही ढकलायचे नाही.

निघालेल्या पुंगळीची कड इथे साक्षीदार असते. ती फेकून देऊ नये. कडेवर एक्स्ट्रॅक्टरच्या आकडीचा ओरखडा किंवा तुटलेला तुकडा दिसला तर आकडीने पकडले होते, ओढलेही होते, पुंगळीच सुटली नाही. दोष चेंबरचा किंवा काडतुसाचा. कड स्वच्छ, अस्पर्श असेल तर आकडीने धरलेच नाही, दोष एक्स्ट्रॅक्टरचा. या एका खुणेवरून तास-दीड तासाची शोधाशोध वाचते.

पुढे जाता जाता शेवटचे बोटभर अंतर

फोर-एंड जवळजवळ पूर्ण पुढे जातो, पण बोल्ट बसत नाही आणि चाप निर्जीव वाटतो. इथे तळहाताने फोर-एंडला ठोसा मारून बंद करण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्याआधी ॲक्शन उघडून चेंबर पाहावे, कारण या प्रकाराच्या कारणांत सर्वांत घातक कारण दडलेले असू शकते. १२ बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर आणि २० बोअरचा साधारण १५.६. त्यामुळे २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या चेंबरमधून पुढे घसरते, त्याची कड नळी अरुंद होते तिथे अडते आणि चेंबर वरवर रिकामे दिसते. त्यामागे १२ बोअरचे काडतूस चढून बार झाला तर नळी हाताजवळच फुटते. २० बोअरच्या पुंगळ्या पिवळ्या ठेवण्याची रूढी याच भयातून आली आहे. एकाच जाकिटाच्या खिशात दोन्ही बोअरची काडतुसे कधीही ठेवू नयेत. काल दुसऱ्या बंदुकीसाठी वापरलेले जाकीट आज घालण्यापूर्वी खिसे उलटे करावेत. मी एकदा असेच खिसे उलटे केले आणि शिवणीत अडकलेले एक पिवळे काडतूस हातात आले. तेव्हापासून हे विसरलेलो नाही.

नेहमी आढळणारी कारणे अर्थात साधी असतात. पुन्हा भरलेले काडतूस बुडाशी फुगलेले असणे, दमट जागी राहून पुंगळी सुजणे, वितळलेल्या प्लॅस्टिकचा थर चेंबरमध्ये साचणे. आणि एक कारण असे की ज्याकडे कोणी पाहतच नाही: मॅगझिनच्या टोकाची टोपी सैल होणे. बऱ्याच पंप बंदुकांत तीच टोपी नळी जागेवर धरून ठेवते. बारांच्या धक्क्यांनी ती अर्धा फेरा फिरली तरी नळी किंचित पुढे सरकते, बोल्ट आणि नळीची जुळणी बिघडते, आणि बंद होणे व उघडणे दोन्ही जड जाते. एका सत्रात माझी बंदूक दर चौथ्या-पाचव्या काडतुसाला कुरकुरत होती; मी काडतुसे बदलली, तेल दिले, मनातल्या मनात लॅचला दोषही दिला, आणि शेवटी टोपी दोन बोटांनी सहज फिरली. बंदूक रिकामी केल्यावर टोपी घट्ट आहे का ते पाहायला पाच सेकंद लागतात. ते पाच सेकंद सर्वांत आधी द्यावेत.

बाकावरची तपासणी

बंदूक मोकळी झाली म्हणजे काम संपले असे नाही. चेंबर आणि मॅगझिन डोळ्यांनी पाहून आणि करंगळीने चाचपून रिकामी असल्याची खात्री करावी, जिवंत काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि मग नळी उतरवावी. टोपी उघडताना अंगठा मॅगझिनच्या तोंडावर ठेवावा. आतली स्प्रिंग दाबलेली असते आणि तिच्यापुढचा अडसर थेट डोळ्याकडे उडू शकतो.

उतरवलेल्या नळीच्या चेंबरमध्ये डमी (दारू नसलेले सरावाचे काडतूस) किंवा जाणकाराच्या देखरेखीखाली त्याच पेटीतले न झाडलेले काडतूस सोडून पाहावे. ते स्वतःच्या वजनाने आत पडले आणि नळी उलटी करताच स्वतःच्या वजनाने बाहेर आले पाहिजे. अंगठ्याने ढकलावे लागले तर घर्षण कुठे आहे ते शोधावे. चेंबरमध्ये सॉल्व्हंट लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, चेंबरच्या मापाचा ब्राँझचा ब्रश फिरवावा, पांढरे फडके काळे न होता बाहेर येईपर्यंत पुसावे आणि शेवटी कोरडे करावे. चेंबरमध्ये तेल साचलेले ठेवू नये. खरखर हाताला लागत असेल तर सँडपेपर घेऊन बसू नये. चेंबरचे माप बिघडले की ते परत येत नाही. हे काम गनस्मिथचे.

एक्स्ट्रॅक्टरची आकडी टोकदार आहे का, तिच्या खोबणीत काजळी दडली आहे का आणि बोटाने दाबल्यावर ती उसळून परत येते का, हे पाहावे. बोल्ट हातात असेल तर डमीची कड आकडीखाली सरकवून बोल्ट हलवावा. डमी लोंबकळत राहिली पाहिजे. मॅगझिनच्या नळीत आतून बोट फिरवून पोचा जाणवतो का पाहावे आणि तिथे तेल देण्याचा मोह टाळावा, कारण ओल्या नळीत धूळ आणि न जळलेली दारू मिळून चिकट लगदा होतो आणि काडतुसे मागे यायला आळस करतात. ॲक्शन-बार सपाट पृष्ठभागावर ठेवून पाहिले तर वाक लगेच दिसतो.

पुन्हा रेंजवर

जोडणी झाल्यावर आधी फक्त डमी काडतुसे मॅगझिन भरून घालावीत आणि पूर्ण ताकदीने पंप करून सगळी बाहेर काढावीत. हे किमान पाच-सहा वेळा. डमी नीट चालली की रेंजवर एकच जिवंत काडतूस भरून झाडावे, पुंगळीची कड व प्राइमर पाहावा. मग दोन भरावीत, कारण मॅगझिनमधून दुसरे येताना होणारी अडचण एका काडतुसात दिसतच नाही. ती चालली तर पूर्ण मॅगझिन. प्रत्येक टप्प्यावर अडचण आली तर कितवे काडतूस होते, कोणत्या पेटीतले होते आणि फोर-एंड कुठे थांबला होता, या तीन गोष्टी वहीत लिहाव्यात. पेटी बदलल्यावर अडचण गेली तर काडतूस दोषी, नेमबाज बदलल्यावर गेली तर पंप मारण्याची सवय दोषी, आणि दोन्ही बदलूनही फोर-एंड त्याच जागी थांबत असेल तर त्या दिवशी आणखी काडतुसे खर्च न करता बंदूक वहीसकट गनस्मिथकडे द्यावी.